लेकीची सायकल आणि हवेचा आकडा

प्रश्न: माझी मुलगी सहावीत आहे. आम्ही डहाणूकर कॉलनीत राहतो. शाळा कर्वे रस्त्याच्या पलीकडे, घरापासून जेमतेम दोन किलोमीटरवर. सकाळी सातची शाळा. जाताना तिचे बाबा कारने सोडतात, येताना सासरे स्कूटरवर आणतात. वर्गातल्या दोन मैत्रिणी सायकलने जातात म्हणून दिवाळीपासून तिनेही तोच धोशा लावलाय. सासऱ्यांचा ठाम विरोध आहे. लहानपणी तिला बाळदमा होता. आता तीन वर्षं पंप लागलेला नाही, पण ते म्हणतात, या हवेत सायकल म्हणजे दमा परत ओढवून घेणं. नवऱ्याचं उलटंच. त्याच्या मते हवेचे हे आकडे म्हणजे थोतांड आहे. एका ॲपवर ९५ दिसतात, दुसऱ्यावर १५२. यंत्राजवळ पाणी मारून आकडा खाली आणतात. संशोधकांना पैसे बाहेरून येतात. पण सायकलला त्याचाही नकारच, ट्रॅफिकमुळे. परवा मुलगी म्हणाली, "तुम्ही प्रत्येक जण वेगळं कारण सांगता आणि उत्तर मात्र एकच देता." मी काय करू? आणि विश्वास कोणावर ठेवू?
– एक आई, कोथरूड

उत्तर:

नमस्कार,

तुमच्या लेकीने घरातली गाठ बरोबर पकडली आहे. दम्याची काळजी, रस्त्याची भीती आणि शास्त्रज्ञांवरचा अविश्वास हे तीन वेगळे विषय तुमच्याकडे एकाच 'नाही'मध्ये गुंतले आहेत. ते सुटे केले तर माझं उत्तर असं: तिला सायकलने जाऊ द्या. पण उद्यापासून नको. आधी डॉक्टरांना विचारा, मग रस्त्याचा सराव करून घ्या, आणि त्यानंतर हळूहळू मोकळीक द्या.

सुरुवात आजोबांपासून करते. नातीला रात्री दोन वाजता नेब्युलायझर लावलेला ज्यांनी पाहिलाय, श्वासासाठी तिच्या बरगड्या आत ओढल्या जाताना पाहिल्यात, त्यांना "काही होत नाही हो" असं म्हणू नका. त्यांना बरोबर घेऊन तिच्या बालरोगतज्ज्ञांकडे जा. धावल्यावर-खेळल्यावर तिला खोकला किंवा धाप लागते का, पीक फ्लो (फुंकर किती जोराने मारता येते ते मोजणारी चाचणी) एकदा तपासायचा का, पंप दप्तरात ठेवायचा का आणि कधी घ्यायचा, हे सगळं त्यांच्या समोर विचारा. दमा आटोक्यात असलेल्या मुलांना डॉक्टर व्यायामापासून सहसा दूर ठेवत नाहीत, उलट खेळा म्हणतात. तिचा दमा आटोक्यात आहे की नाही, हे मात्र डॉक्टरांनीच सांगायचं. ते 'थांबा' म्हणाले तर थांबायचं, आणि हे मुलीलाही आधीच सांगून ठेवायचं.

आता आजोबांना प्रेमाने एक गोष्ट दाखवून द्यायला हवी. आज ती शाळेतून येते ती त्यांच्याच स्कूटरवर, भर दुपारी, कर्वे रस्त्याने. सिग्नलला पुढे पीएमपीची बस, बाजूला रिक्षा, आणि त्या धुराच्या मधोमध ती बसलेली. कारमध्येही फार वेगळं नसतं. रहदारीत अडकलेल्या गाडीत पुढच्या वाहनाचा धूर झडपांमधून आत येतो. निरनिराळ्या शहरांत अशा मोजण्या झाल्या आहेत, आणि गाडीच्या आतली हवा शेजारून जाणाऱ्या सायकलस्वाराच्या हवेपेक्षा वाईट निघाल्याचं त्यांत कितीदा तरी दिसलं आहे. काचा लावून आतलीच हवा फिरवत ठेवली तर धूलिकण कमी होतात, पण कार्बन डायऑक्साइड साचत जातो. दुसरी बाजूही सांगायला हवी. सायकल चालवताना आपण गाडीत बसलेल्या माणसाच्या दुप्पट-तिप्पट हवा आत घेतो. त्यामुळे सायकलवर प्रदूषण लागतच नाही, असं मी म्हणणार नाही.

मग फरक कशाने पडतो? वाटेने. वाहनांच्या धुरातली काजळी आणि अतिसूक्ष्म कण मोठ्या रस्त्याच्या कडेला सगळ्यात दाट असतात आणि शे-दोनशे मीटर आत गेलं की झपाट्याने विरळ होतात. स्कूटर आणि कार मोठ्या रस्त्यानेच जाणार. सायकल कॉलनीच्या आतल्या गल्ल्यांमधून जाऊ शकते. तुमच्या घरून निघालं तर कर्वे रस्ता फक्त ओलांडायचा आहे, त्याच्या कडेने चालवत जायची गरज नाही. नकाशा घेऊन बसा आणि ती वाट मुलीला शोधू द्या. पाच मिनिटं जास्त लागली तरी चालतील.

फायद्या-तोट्याचा एक हिशोब इथे सांगते. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे, केसाच्या साधारण तिसाव्या हिश्श्याएवढे बारीक कण. दर घनमीटर हवेत ते १०० मायक्रोग्रॅम असले, म्हणजे हवा चांगलीच खराब असली, तरी रोज दीड तासापर्यंतच्या सायकलिंगमध्ये व्यायामाचा फायदा हवेच्या तोट्याला पुरून उरतो, असं त्यात दिसलं. हा हिशोब मोठ्या माणसांचा आहे, आणि पूर्वी दमा असलेल्या अकरा वर्षांच्या मुलीला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. तिची फेरी मात्र दहा-पंधरा मिनिटांची आहे, हेही लक्षात घ्या.

आता तुमच्या यजमानांचे ९५ आणि १५२. दोन्ही आकडे खरे आहेत, आणि ते एकाच हवेचे आहेत. ॲपवर दिसतो तो हवेचा निर्देशांक, म्हणजे एक्यूआय. हवेत पीएम २.५ सत्तावन्न मायक्रोग्रॅम असेल तर भारताच्या निर्देशांकात त्याचे ९५ होतात आणि अमेरिकेच्या निर्देशांकात १५२. दोन्ही देशांनी पायऱ्या वेगळ्या ठरवल्या आहेत. आपल्याकडे चोवीस तासांच्या सरासरीत ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं, आणि निर्देशांकाची शंभरी तिथेच भरते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची मर्यादा याच्या चौथाई आहे, १५ मायक्रोग्रॅम. म्हणून आपल्या ॲपवर 'समाधानकारक' हा शब्द दिसला तरी हवा निर्मळ आहे असं समजू नका. तो शब्द आपल्या देशाने परिस्थिती बघून आखलेल्या रेघेवर बेतलेला आहे. बरीच खासगी ॲप अमेरिकी पायऱ्या वापरतात, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' आपल्या वापरतं. घरात एकच ॲप ठरवा आणि रोज तेच बघा, म्हणजे निम्मा वाद तिथेच मिटेल.

आणखी एक भानगड आहे, आणि ती कोणी समजावून सांगत नाही. आपला निर्देशांक बहुतेक प्रदूषकांसाठी चोवीस तासांची सरासरी घेतो. पहाटे सहाला कॉलनीच्या कोपऱ्यावर कुणी पालापाचोळा पेटवला, तर तो धूर तुमच्या लेकीला समोर दिसेल, पण मोबाईलवरचा आकडा जागचा हलणार नाही. यंत्र खोटं बोलत नसतं, त्याला विचारलेला प्रश्न वेगळा असतो. त्यामुळे डोळ्यांनी दिसणारा आणि नाकाला जाणवणारा धूरही धरायचा, आणि तिला सांगून ठेवायचं की असा धूर दिसला तर सरळ दुसऱ्या गल्लीने जा.

पाणी मारण्याचा संशय मी उडवून लावणार नाही. दिल्लीत २०२५च्या दिवाळीनंतर मोजणी केंद्राभोवती टँकरने पाणी फवारल्याचे जाहीर आरोप झाले होते. माणसाला शंका येणारच. पण पाण्याने मुख्यतः जाडसर धूळ, म्हणजे पीएम १०, खाली बसते. गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड टँकरला दाद देत नाही. केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर प्रत्येक केंद्राचे, प्रत्येक प्रदूषकाचे तासातासाचे आकडे कुणालाही बघता येतात. एकाच केंद्राचा पीएम १० अचानक पडला, शेजारच्या केंद्रांचा पडला नाही आणि तिथला नायट्रोजन डायऑक्साइडही होता तसाच राहिला, तर तुमचे यजमान घरबसल्या बोट ठेवू शकतील की इथे काहीतरी गडबड आहे. शिवाय पुण्यात हवा मोजणारी संस्था एकच नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ मोजतं, आणि 'सफर' ही वेगळी यंत्रणाही मोजते. ती पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने उभी केली आहे. राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने २०१० मध्ये ती दिल्लीत सुरू झाली आणि २०१३ मध्ये पुण्यात आली. म्हणजे हा आकडा परदेशातून येत नाही, तुमच्या घरापासून काही किलोमीटरवर काम करणारी माणसं तो काढतात.

पैसे कोणी दिले हा प्रश्न रास्त आहे, तो जरूर विचारावा. पण तेवढ्यावर थांबू नये. दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या यंत्राने मोजलं तर तेच येतं का, हे त्याच्या पुढे विचारावं. चाकणला जिचा कारखाना आहे त्या फोक्सवॅगन कंपनीचं प्रकरण यजमानांना आठवत असेल. प्रयोगशाळेत त्यांच्या डिझेल गाड्या स्वच्छ ठरायच्या. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या लहानशा चमूने, ज्यात अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे दोन भारतीय संशोधक होते, गाडीच्या मागे यंत्र बांधून खऱ्या रस्त्यावर मोजलं. नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या कितीतरी पट निघाले. हे काम त्यांना एका ना-नफा संस्थेने दिलं होतं, म्हणजे पैसे 'बाहेरूनच' आले होते. पण कॅलिफोर्नियाच्या सरकारी प्रयोगशाळेने स्वतंत्रपणे तपासलं, तिथेही गोम सापडली, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकी सरकारने कंपनीला नोटीस दिली. चाचणी ओळखून धूर कमी दाखवणारी करामत जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांमध्ये होती. तिथे खोटे आकडे खरोखरच होते, पण ते उघडे पाडले हवा मोजणाऱ्यांनीच. म्हणूनच 'सगळेच खोटं बोलतात' हे वाक्य मला पटत नाही. त्या वाक्याचा फायदा खरोखर लबाडी करणाऱ्यालाच होतो, कारण मग त्याच्यात आणि प्रामाणिक माणसात फरकच उरत नाही.

आजोबांशी बोलताना पेट्रोल पंपांवरच्या 'अनलेडेड' पाट्यांची आठवण काढा. त्यांच्या उमेदीच्या काळात स्कूटरच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं. ते धुरातून मुलांच्या रक्तात जातं आणि मेंदूला इजा करतं, हे संशोधकांनी दाखवलं तेव्हा जगभरच्या मोठ्या कंपन्यांनी वर्षानुवर्षं ते नाकारलं. फेब्रुवारी २०००पासून भारतात शिसं घातलेलं पेट्रोल बंद झालं. आज त्यांची नात रस्त्यावर जी हवा घेते, तिच्यातलं एक विष या विज्ञानामुळेच गेलं आहे.

आता ट्रॅफिक. इथे मी तुमच्या यजमानांच्या बाजूने आहे. तुमच्या मुलीला खरा धोका आहे तो वाहनांचाच. दहा-अकरा वर्षांपर्यंतच्या मुलांना वेगाने जवळ येणाऱ्या वाहनाचा अंदाज मोठ्यांसारखा येत नाही. त्यांच्या डोळ्यांची आणि मेंदूची ती क्षमता अजून घडत असते, त्यात त्यांचा निष्काळजीपणा नसतो. पण या भीतीवर मुलांना गाडीत बसवणं हा इलाज कितपत चालतो, तेही बघा. इंग्लंडमध्ये मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ आणि १९९० या दोन वर्षांची तुलना केली. सात-आठ वर्षांची मुलं मोठ्यांशिवाय शाळेत जाण्याचं प्रमाण ८० टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आलं होतं. त्याच काळात रस्त्यावर मुलं दगावण्याचं प्रमाण घटलं, आणि सरकारने रस्ते सुरक्षित झाल्याचं सांगितलं. हिलमन यांचं म्हणणं होतं की रस्ते सुरक्षित झालेले नाहीत, मुलं तिथून काढून घेतली आहेत. शाळेच्या दाराशी साडेसहा ते सात या वेळात उभं राहून पाहिलं तर हे पुण्यातही दिसतं. प्रत्येक पालक इतर पालकांच्या गाड्यांना घाबरून स्वतःची गाडी घेऊन येतो. इंजिनं चालू, एक चाक फुटपाथवर, आणि त्या गर्दीतून वाट काढत जाणारी दोन-चार सायकलवाली पोरं.

म्हणून सराव करून घ्या, आणि मनापासून घ्या. सुरुवात रविवारी सकाळी, रस्ते मोकळे असताना. ती पुढे, तुम्ही किंवा बाबा मागे, दोन सायकलींचं अंतर ठेवून. तोंडाने सूचना देऊ नका. ती काय करते ते बघा आणि घरी आल्यावर बोला. उभ्या गाड्यांना घासून चालवते का? हातभर लांब राहायला शिकवा, कारण कुणाचं दार कधी उघडेल सांगता येत नाही. रिक्षा पुढे अचानक थांबली तर ब्रेक मारते की मागे न बघता उजवीकडे घेते? मागे वळून बघताना हँडल वाकडं होतं का? ते होत असेल तर आधी मोकळ्या मैदानावर आठवडाभर तेवढंच करून घ्या. कर्वे रस्ता ओलांडताना उतरायचं, सायकल हातात धरायची आणि झेब्रावरून चालत जायचं, यात सवलत नाही. आपला सिग्नल हिरवा झाला तरी डावीकडे वळणारी दुचाकी थांबेलच असं पुण्यात कोणी धरून चालू नये.

परतीचा सराव वेगळा करा. सकाळी पावणेसातला रस्ता रिकामा असतो, साडेबाराला तोच रस्ता वेगळाच असतो, आणि पोरगी दमलेली, भुकेली. सुरुवातीचे काही दिवस मोठ्या माणसाने फक्त कर्वे रस्त्याच्या ओलांडणीपाशी उभं राहावं, दोन्ही वेळा. बाकीची वाट तिची आणि मैत्रिणींची. मग एक दिवस तिथलाही माणूस काढून घ्यायचा. तो दिवस कधी आला हे तिला विचारून ठरवा. मुलं यात आपल्यापेक्षा सावध असतात असा माझा अनुभव आहे. चेन पडली, पंक्चर झालं तर वाटेतल्या कुठल्या दुकानातून फोन करायचा हे ठरलेलं असू द्या आणि त्या दुकानदाराशी तिची ओळख करून द्या. घरचे दोन नंबर पाठ हवेत. मनगटावर ठिकाण दाखवणारं घड्याळ बांधायचा विचार असेल तर मी तो टाळेन. ते आपल्या काळजीला बरं वाटतं, पण गल्लीतली दोन ओळखीची माणसं तिला जास्त उपयोगी पडतील.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण बहुतेक तुमच्या मनात आहे: मुलगी आहे, आता मोठी होईल. ही भीती मला कळते, आणि तिच्याशी त्याबद्दल उघड बोला. कोणी पाठलाग केला, काही बोललं, तर थांबायचं नाही, माणसं असतील तिथे जायचं आणि घरी येऊन सांगायचं. आणि सांगितल्याबद्दल सायकल बंद होणार नाही, हा शब्द तिला आधीच द्या. तो दिला नाही तर ती सांगणार नाही. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गावाकडच्या मुलींना सायकली दिल्या जातात, त्या शाळा सुटू नये म्हणून. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली मिळाल्या आणि माध्यमिक शाळेतली मुलींची पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचं अर्थतज्ज्ञांनी मोजलं. तुमच्या लेकीची शाळा सुटणार नाही हे खरं, पण स्वतःच्या पायांवर कुठे जाता येतं हे याच वयात ठरत असतं.

हवेचा नियम मात्र लेखी करा. मी असा सुचवेन, डॉक्टर बदलतील तो बदल करून. भारतीय निर्देशांक १००पर्यंत असेल तर सायकल. १०१ ते २०० असेल तरीही सायकल, पण सावकाश, आतल्या वाटेने, पंप दप्तरात, आणि घरी आल्यावर खोकला आहे का ते बघायचं, कारण या पायरीवर दमेकऱ्यांना त्रास होऊ शकतो असं सरकारी सूचनेतच म्हटलं आहे. २००च्या वर गेला तर सायकल घरी. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटेची हवा सगळ्यात वाईट असते. थंड हवा जमिनीलगत अडकते आणि वरचा उबदार थर झाकणासारखा बसतो. त्या दिवसांत हा नियम जास्त वेळा लागू होईल, पावसाळ्यात क्वचितच. तोंडाला बांधायचा स्कार्फ उन्हाला आणि धुळीला ठीक, पण पीएम २.५ त्यातून आरपार जातात. त्याच्या भरवशावर नियम सैल करू नका.

आणि रोज रात्री उद्याचा अंदाज बघण्याचं काम आजोबांना द्या. 'सफर' पुढच्या दिवसांचा अंदाज देतं. ते बघून आजोबांनी सांगायचं, उद्या सायकल की स्कूटर. नियम लेखी असल्यामुळे आकडा १४० असताना त्यांना 'नको' म्हणता येणार नाही, आणि २१० असताना तिला 'जाते' म्हणता येणार नाही.

शाळेत सहावीच्या मुलांना सायकल आणायची परवानगी आहे का, आणि ती लावायला आवारात जागा आहे का, हे सोमवारीच विचारून घ्या. तिची सायकलही एकदा बघा. 'वाढत्या अंगाची' म्हणून मोठी घेतलेली असेल तर ती सध्या चालणार नाही. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत, तरच तिला गर्दीत पटकन थांबता येईल. टेकत नसतील तर सीट खाली घ्या, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर वर्षभरासाठी कुणाची तरी लहान सायकल मागून आणा.